पंप लावून तरी बघ

सरबताच्या त्या कारखान्यात त्याला सगळे मीटरमामा म्हणत. पाइपातून किती द्रव गेला हे मोजणारे फ्लो मीटर धडधाकट ठेवणं हे त्याचं काम. एखादं मीटर रुसलं की मामाला हाक जायची. तो यायचा आणि हत्यारांना हात लावण्याआधी मीटरसमोर बसणाऱ्या माणसालाच विचारायचा, "काय होतं, कधी होतं, सांगा बघू." निम्मे बिघाड त्याला अशा बोलण्यातूनच सापडले होते. फक्त एकदा त्यानं विचारलं नाही, आणि तेव्हा समोर त्याची सख्खी मोठी बहीण होती.

ताई पाकाच्या पॅनेलवर असायची. मीटरचा आकडा बघत टाकीत साखरेचा पाक सोडायचा आणि ठरल्या आकड्याला व्हॉल्व्ह बंद करायचा, हे तिचं काम. भाऊजी गेल्यावर मामानंच शब्द टाकून तिला इथं लावलं होतं, पण पॅनेल तिनं मिळवलं ते स्वतःच्या हिमतीवर.

एका आठवड्यात तिच्या दोन टाक्या नुसत्या गोडमिट्ट झाल्या. सगळं सरबत गटारात ओतावं लागलं. मॅनेजर भडकले. ताई म्हणाली, "साहेब, माझा हात नाही चुकला. बाजूचा मोठा पंप लागला की हा आकडा उड्या मारतो."

मामाला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा बाटल्या भरणारे चार-सहा जण तिथं घोटाळतच होते. त्यातला एक म्हणाला, "चला, भाऊ आला. आता बहीण सुटली!" सगळे हसले. मामाला ते फार झोंबलं. आपण कुणाला पाठीशी घालत नाही, हे आज दाखवूनच द्यायचं असं त्यानं ठरवलं.

सेन्सर काढून त्यानं इलेक्ट्रोड पुसले, केबल तपासली. पाइप भरून, वाहणं थांबवून बघितलं, तर आकडा शून्यावर खिळलेला. मोठा पंप तेव्हा बंद होता.

"अरे, पंप लावून तरी बघ," ताई म्हणाली.

"मीटर चांगलं आहे," बहिणीकडे न बघताच त्यानं मॅनेजरांना सांगितलं. "मीटरला नातीगोती कळत नाहीत."

पुन्हा हशा पिकला. त्याला बरंही वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मॅनेजरांनी ताईला क्रेट धुवायला लावलं.

पॅनेलवर बसवलेल्या नव्या गड्याचीही टाकी लवकरच बिघडली. मामानं सवयीनं विचारलं, "काय होतं, कधी होतं?"

"मोठा पंप लागला की आकडा नाचतो, मामा."

मामानं पंप लावायला सांगितला, आणि आकडा खरंच नाचू लागला. तो पाइपाखाली वाकला. मीटरची अर्थिंगची तार एका टोकाला सुटून लोंबत होती. मागे पाइपाच्या जोडातलं गॅस्केट बदलताना त्यानंच ती सोडली होती आणि परत जोडायची राहून गेली होती. पंपाच्या मोटरची सगळी विजेची गडबड थेट सेन्सरमध्ये शिरत होती. त्यानं बोल्ट आवळला. आकडा शांत झाला.

"तार आपोआप निघाली काय?" गड्यानं विचारलं.

नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही. मीच विसरलो होतो," मामा म्हणाला आणि तडक क्रेट धुतात तिथं गेला. ताईचे हात कोपरापर्यंत साबणात होते. त्यानं सगळं सांगितलं. ती क्रेट घासतच राहिली.

"तार विसरलास, त्याचं काही नाही रे," ती म्हणाली. "माणूस विसरतो. पण परक्याचं ऐकतोस तेवढंसुद्धा माझं ऐकलं नाहीस."

"चुकलो, ताई."

"मला काय सांगतोस? हसले त्यांना सांग."

पाळी बदलताना सगळे कपड्यांच्या कपाटांपाशी जमतात, तिथं तो उभा राहिला. मॅनेजरही होते. "तार मी सोडली होती. ताईनं बरोबर कारण सांगितलं होतं. तुम्ही हसाल म्हणून मी ते तपासलंच नाही." या वेळी कुणी हसलं नाही. ज्यानं टोमणा मारला होता तो बुटाची नाडी बांधत बसला.

ताई पॅनेलवर परतली. घरी ती पहिल्यासारखीच वागते, त्याच्या पोरीची वेणी घालते, त्याला चार गोष्टी सुनावतेही. पण तिचं मीटर बिघडलं की ती हाक मारते दुसऱ्या पाळीच्या मेकॅनिकला. मामा तिथून जाताना त्या दोघांचं बोलणं त्याच्या कानावर पडतं. मेकॅनिक विचारतो, ताई सांगते, आणि मामा मान खाली घालून पुढच्या मीटरकडे जातो.