नळीची वही

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आमच्या ह्यांनी एक शंभर पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, किती मिली, रंग, सही. सहीचा रकाना बघून मी विचारलं, "ही सही कोणी करायची?"

"ड्यूटीवर असेल त्याने," हे म्हणाले.

ह्यांची तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर गेली. दर तासाला मीटर बघायचा, आकडा लिहायचा, सही करायची. रिटायर होऊन वर्ष झालं तरी घरातली पाण्याची टाकी हे तोच चेहरा करून बघतात. त्यामुळे माझ्या काखेतून नळी येणार आणि तिच्यातलं पाणी रोज मोजावं लागणार म्हटल्यावर ह्यांना निदान हातात धरायला काहीतरी मिळालं. मला तेही नव्हतं.

सर्जननी आम्हाला नीट समजावलं होतं. उजव्या स्तनातली गाठ काढायचीच, पण रोग काखेतल्या गाठींमध्ये उतरलाय, त्याही काढाव्या लागतील. नंतर आत पाणी झिरपत राहतं, ते नळीतून बाटलीत येईल. दिवसाचं पाणी सलग दोन दिवस तीस मिलीच्या खाली आलं की नळी काढायची, आणि जखम भरली की लगेच केमो. "केमो में देर नहीं होनी चाहिए," हे वाक्य ते दोनदा बोलले. मी दोन्ही वेळा मान हलवली.

माझी तयारी म्हणाल तर बाटलीसाठी मी एक पिशवी शिवली. ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांचा कपाटात गठ्ठा पडला होता, त्यातला एक मोरपंखी तुकडा वापरला. मग न्हाणीघरात जाऊन आरशासमोर हात वर करून उभी राहिले. बावन्न वर्षांत मी माझी काख कधी बघितली नव्हती. तिथे बघण्यासारखं असतं काय? दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा घातला, सोडला, पुन्हा घातला. बाहेरून हे विचारत होते, "अगं, बरी आहेस ना?" बरी असते तर उद्या इस्पितळात कशाला निघाले असते?

आईला सांगितलं नव्हतं. आई इंदूरला माझ्या भावाकडे असते, वय ऐंशी. तिची थोरली बहीण, माझी मावशी, ह्याच दुखण्याने गेली आणि शेवटचे सहा महिने तिचं सगळं आईनेच केलं होतं. दरवर्षी महालक्ष्म्यांना आई आमच्याकडे कोटऱ्याच्या घरी येते. ऑपरेशननंतर अडीच-तीन आठवड्यांनी ती येणार होती. तोवर नळी निघालेली असेल असा मी हिशेब केला आणि फोनवर सांगून टाकलं, खांद्याचं छोटंसं ऑपरेशन आहे.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा दंडाची आतली बाजू बधिर होती. हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या दंडाला लावल्यासारखं वाटे. आठवड्याभराने रिपोर्ट आला. सतरा गाठी काढल्या होत्या, त्यातल्या सहांमध्ये रोग होता. मी रडले नाही. आपण जगत नाही आता, एवढं मात्र मला लख्ख वाटलं. पुढे मी जे केलं ते असं वाटणाऱ्या बाईने केलेलं आहे. ही सबब नाही, पण ते तसंच आहे.

रोज सकाळी सात वाजता हे बाटली रिकामी करायचे, मापाच्या कपात पाणी ओतून कप डोळ्यांसमोर धरायचे. नव्वद. पंच्याऐंशी. पंच्याण्णव. पुन्हा ऐंशी. आकडा लिहायचे, सही करायचे आणि वही मिटताना माझ्याकडे बघायचे नाहीत. नऊ दिवस असे गेले. भावाचा फोन आला की आईला घेऊन तो पुढच्या आठवड्यात निघतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दूध आणायला खाली गेले तेव्हा मी न्हाणीघरात गेले. बाटली गुडघ्यांत धरली, डाव्या हाताने झाकण उघडलं आणि थोडं पाणी मोरीत ओतलं. नर्सने शिकवल्याप्रमाणे बाटली दाबून झाकण लावलं. सात वाजता कपात सत्तर भरलं. दुसऱ्या दिवशी साठ. मग पन्नास, चाळीस. उतार नीट दिसायला हवा म्हणून मी जपून ओतत होते. केमोचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि वाटलं, मरायचंच आहे तर आईसमोर नळी लावून कशाला?

अठ्ठावीस भरलं त्या दिवशी हे पोहे-जिलेबी घेऊन आले. जिलेबी गरम होती. मी दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पंचवीस भरलं आणि आम्ही इस्पितळात गेलो. सर्जननी वही चाळली आणि म्हणाले, "इतना बढ़िया रिकॉर्ड तो हमारे यहाँ भी नहीं रखते." नळी निघाली. तिसऱ्या दिवशी आई आली.

महालक्ष्म्या बसल्या. पुरणावरणाचा स्वयंपाक आईने आणि शेजारणीने केला. मी खांद्याचं सांगून बसून राहिले. काख जड झाली होती, अंगात कणकण होती, पण तोंड उघडायची सोय मी ठेवली नव्हती. विसर्जनाच्या सकाळी आई म्हणाली, "हात वर जात नाही तर केसांचं काय करतेस? बस इथे, तेल लावते." तिने मानेला तेल चोळलं, खांद्यावर आली आणि तिचा हात आपसूक काखेकडे गेला. तिथे लिंबाएवढं टम्म फुगलेलं होतं. आईचा हात थांबला.

"खांदा नाही हा," ती म्हणाली.

मी डाव्या हाताने पदर काखेवर ओढला.

"मला सांगायला मी मेले होते का?" तेलाचे हात तिने पदराला पुसले. मग अर्धी राहिलेली वेणी पुरी घातली. मावशीचं करून तिला हे सगळं येत होतं, हीच तर भीती होती मला.

दुपारी इस्पितळात गेलो. आत साठलेल्या पाण्यात पू झाला होता. पुन्हा चिरलं, पुन्हा नळी घातली. केमोची ठरलेली तारीख गेली, निदान महिनाभर पुढे. सर्जन वहीकडे बघून म्हणाले, "इसमें तो कम हो रहा था." मी भिंतीकडे बघितलं. ह्यांनी वही पिशवीत ठेवली.

वॉर्डात आम्ही दोघंच होतो तेव्हा मी सांगून टाकलं. "आकडे खोटे आहेत. मी ओतून टाकत होते."

"माहीत आहे."

मला वाटलं, ह्यांना कळलं नाही मी काय म्हणाले ते.

"पंपहाउसवर नवी पोरं रात्रभर झोपायची आणि सकाळी बसल्या जागी सगळा तक्ता भरायची," हे म्हणाले. "लगेच कळतं. अशा दोघांना मी कामावरून घरी पाठवलं होतं. खरा आकडा वरखाली होतो. रोज मोजून दहाने उतरत नाही. मला तिसऱ्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

ह्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "रोज सकाळी तो आकडा वाचताना बरं वाटायचं," म्हणाले. "मला वाटलं, बघू अजून एक दिवस."

मला ओरडायचं होतं. ज्या माणसाने एका खोट्या आकड्यासाठी पोरांना घरी पाठवलं, त्याने माझ्या वेळी गप्प बसावं? पण ओरडायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

उशिराने काय बिघडलं ते कोणी सांगत नाही. केमोच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "अब जो है, सो है." आई परत गेली नाही, ती स्वयंपाकघर सांभाळते आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. नवी नळी अजून आहे. आज सकाळी पंच्याण्णव.

ह्यांनी लिहिलं, सही केली. हे खाली गेल्यावर मी वहीची मागची पानं उलटली. सत्तर, साठ, पन्नास, चाळीस, अठ्ठावीस, पंचवीस. माझ्या सहा खोट्या आकड्यांपुढे ह्यांच्या सहा सह्या आहेत, आणि शेवटच्या चार ह्यांनी सगळं माहीत असून केलेल्या आहेत.