रिकामा ठेवलेला ड्राइव्ह

आमच्या हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये एकही टेप नाही, पण सगळा कारभार टेपचाच. खरं टेपचं यंत्र भंगारात गेलं आणि त्याच्या जागी डिस्कांनी भरलेली एक पेटी आली. ती बॅकअप सर्व्हरला सांगते, माझ्याकडे टेप आहेत, त्या वाचणारे ड्राइव्हही आहेत. सर्व्हर भाबडा, त्याला ते खरं वाटतं. आता नसलेलेच ड्राइव्ह, तर हवे तेवढे द्यावेत की नाही? तर नाही. सर्व्हरला सहाच चालतात, सातवा मागितला की सॉफ्टवेअरचा परवाना आडवा येतो. नसलेल्या वस्तूची टंचाई सोसायची, हे मला आजवर पटलेलं नाही. त्यात जुनं काही परत काढायचं तरी ड्राइव्ह लागतोच, आणि नवीन स्कॅन मशीन आल्यापासून तिच्या चित्रांच्या बॅकअपमध्ये सहाही दिवसासुद्धा गुंतलेले असायचे.

टेलिफोनवर आमची एक मुलगी बसायची. भाट्याच्या पुलापलीकडच्या एका गावातून एसटीने यायची. ताप आला आणि आठवड्याभरात गेली. मी चिडका म्हणून प्रसिद्ध. मला इंटरकॉमवर पुन्हापुन्हा छळायची हिंमत फक्त तिची होती. ती गेल्यावरही इंटरकॉम वाजला की मी तिला झापायच्या तयारीनेच उचलायचो. पलीकडून दुसराच आवाज आला की मला भीती वाटायची. भीतीच, दुसरा शब्द नाही.

काही महिन्यांनी तिची आई आली, राहिलेली छत्री आणि डबा न्यायला. इथले फोन रेकॉर्ड होतात हे तिला काउंटरवर कळलं. तशीच माझ्याकडे आली.

"माज्या पोरीचा आवाज हितं असंल ना? घरात फोटो हाय. आवाज नाय कुठं."

फोनच्या यंत्रातलं रेकॉर्डिंग केव्हाच पुसलं गेलं होतं. उरलं होतं ते त्या खोट्या टेपवर, आणि त्या टेपची मुदत शनिवारी संपत होती. मुदत संपली की पेटी कोणाला न विचारता तिच्यावर दुसरं काही लिहिते. एकदा घातलेली मुदत वाढवायचे अधिकार मुंबईच्या कंपनीकडे, आणि तिथे कोणी फोन उचलेना. मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिली. अट एकच, पेशंटचा कॉल काढायचा नाही. म्हणून मुलीने मलाच केलेला एक कॉल मी मागितला. पडद्यावर आलं, ड्राइव्हची प्रतीक्षा. दोन दिवस ती माउली बाकावर बसून रिकाम्या हाताने परत गेली. दोन्ही दिवस पडद्यावर तेच.

शनिवारी दुपारी मी हिशेब खात्याचा चालू बॅकअप मध्येच मारला. बोंबलू देत. एक ड्राइव्ह सुटला, आमचा नंबर लागला आणि त्या थंडगार खोलीत ती बोलली, "दादा, कॉम्प्युटर परत अडकलाय."

पाठोपाठ माझाच वैतागलेला आवाज, "धरून ठेव, बघून येतो." रिसिव्हर टेबलावर टाकून मी गेलो होतो. तिनेही तिकडे फोन ठेवला नव्हता. जरा वेळ पंख्याची घरघर. मग तिने मोबाइलवरून घरी फोन लावल्याचं ऐकू आलं. यंत्राने अर्थातच फक्त तिचीच बाजू धरली होती.

"आये, जेवलीस काय?"

रेकॉर्डिंगमध्ये शांतता. माझ्या शेजारी खुर्चीवर बसलेली आई म्हणाली, "जेवलेय गो."

"बांगडे तळू नको. मी आल्यावर तळते."

"तू दमून येतेस."

"नाय दमत. एसटी उशिरा आली तर दारात वाट बघत बसू नको."

"बसतेय कुठं मी."

प्रत्येक मोकळ्या जागेत आईचं उत्तर नेमकं बसत होतं. तिला तो जुना फोन शब्दन्‌शब्द आठवत होता, की ती आत्ता लेकीशी बोलत होती, मला कळेना. तिथून उठून जावंसं वाटलं, तरी ऐकत राहिलो.

"ठेवते गो. दादा आला वाटतं."

"ठेव," आई म्हणाली.

तिने डोळे पुसले नाहीत. मी म्हटलं, तुमच्या मोबाइलमध्ये घालून देतो, घरी केव्हाही ऐका. तिने मान हलवली.

"नको रे बाबा. घरी नेली तर ती गेली असं होईल. हितंच ऱ्हाऊ दे. हितं ती कामावर हाय."

तो कॉल मी दुसऱ्या टेपवर घेतला, मुदत न घालता. तेव्हापासून बॅकअपला पाचच ड्राइव्ह देतो. मुंबईचा इंजिनीअर दर भेटीत सुनावतो की एवढी ओढाताण असताना सहावा रिकामा कशाला. परत काढायला लागतो, म्हणून मी त्याला वाटेला लावतो.

ती माउली बाजाराला रत्नागिरीत आली की येते. पिशवी बाहेर ठेवते आणि दारातूनच हळू आवाजात विचारते, "कामावरनं सुटली नाय ना अजून?"

"नाही," मी म्हणतो आणि खुर्ची पुढे करतो.