राऊतभाऊंची टूलरूममेड खुर्ची

बोईसरच्या कारखान्यातल्या आमच्या टूलरूममध्ये दिवसभर लेथखाली लोखंडाचा कीस साचायचा आणि चहाच्या वेळी किस्से! कीस संध्याकाळी झाडून जायचा, किस्से मात्र अजून निघतात. त्यातले निम्मे एकट्या राऊतभाऊंचे. केळव्याचे राऊतभाऊ आमचे इन्स्पेक्टर. आम्ही बनवलेला पार्ट मोजून पास-नापास करणारा माणूस!

*

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भाऊंचा पाय ओढायला लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. हळूहळू वाढतच जाणारा आजार, थांबवायला औषध नाही. आमचा वेल्डर लक्ष्मण तर चिडलाच. ‘भाऊ, आमच्या पाड्यात ताप येतो, दोन दिसांत जातो. ह्यो कसला पावना, जायाचं नावच नाय घेत!’

‘पावना नाय रे, घरजावई हाय!’ असं म्हणून भाऊ हातातला पार्ट मोजायला लागले.

*

पुढे एमआरआय झाला. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू बारीक होत चाललाय, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ ती फिल्म थेट टूलरूममध्ये घेऊन आले! आमचा टर्नर सावे, त्याने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि चक्क जाडी मोजायचा व्हर्नियर लावला.

‘भाऊ, साइज कमी भरतेय हो.’

‘मग संपलंच की! जास्त भरली असती तर घासून बसवली असती!’

सगळे खो-खो हसलो. सावे मात्र हसता हसता रडायलाच लागला. त्याला गप्प करायला शेवटी भाऊच लागले.

*

मग पाय उभेच राहीनात. कारखान्याच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, ‘सोमवारी मी स्वतः बघणार. कुणाच्या आधाराशिवाय तुमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलापर्यंत पोचलात तर नोकरी राहील, नाहीतर घरी बसा.’ भाऊंच्या दोन्ही मुली शाळेत!

आम्ही पेटलो. जेवणाच्या सुट्टीत चाकांची खुर्ची बनवायला घेतली. पाइप लक्ष्मणने जोडले, चाकांच्या आत बसणारे बुश सावेने बनवले. भाऊंनी तपासली आणि दोनदा नापास केली!

‘अहो, तुमच्यासाठीच करतोय ना?’

‘म्हणून काय ढिला बुश चालवून घेऊ?’

तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले.

*

सोमवार! मशीन बंद करून अख्खी टूलरूम उभी. साहेब आत इन्स्पेक्शन रूममध्ये, टेबलाजवळ. भाऊ स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत निघाले. ‘चलो भाऊ, चलो!’ नुसती आरडाओरड! अर्धा पॅसेज झाला, पाऊण झाला, आणि दारात खुर्ची खाडकन अडकली!

दार दोन बोटं अरुंद. केसाएवढी चूक पकडणारे आम्ही, पण दार मोजायचं एकालाही सुचलं नव्हतं! टेबल समोर चार पावलांवर.

भाऊंनी घाम पुसला. ‘साहेब, दारापर्यंत मी आलो. आता थोडं टेबलाने यावं की!’

साहेबांनी एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे. मग बाह्या सरसावल्या.

‘सावे, खिडकीतून आत या! मला एकट्याला उचलत नाही!’