खंडेनवमीचं रेकॉर्डिंग

आमच्या घरात चोरण्यासारखं काही नाही. तरी चार कॅमेरे आहेत. ते कोणी आत येईल म्हणून बसवलेले नाहीत, माझे सासरे बाहेर जातील म्हणून बसवले आहेत.

सासऱ्यांना आम्ही दादा म्हणतो. ताथवड्यातलं जुनं शेतकरी घर, पण दादांची सगळी नोकरी चिंचवडच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये झाली. निवृत्तीनंतरची काही वर्षं बरी गेली आणि मग ते विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवलो की नाही ते, मग घराचा रस्ता. एकदा दाढी करायला म्हणून बाहेर पडले ते पार डांगे चौकात एका रसवंतीच्या बाकावर सापडले. ते निवांत बसले होते, पांढरेफटक चेहरे आमचेच पडले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, “लक्ष ठेवा.” लक्ष ठेवा म्हणायला कुणाचं काय जातं?

मी मुळातच भित्री. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आईने मला रुखवतात दिली असावी. त्यात आमचं घर अशा जागी की भिण्यासाठी फार कल्पना लढवावी लागत नाही. फाटकातून उजवीकडे गेलं की सर्व्हिस रोड, त्याला लागून हायवे. डावीकडे जुनं गाव आणि देऊळ. आणि घरामागे, जिथे पूर्वी भावकीचा ऊस असायचा, तिथे एका टॉवरच्या पायासाठी खणलेला मोठा खड्डा. काम कशावरून तरी थांबलं होतं. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं आणि कडेचे पत्रे वाऱ्याने आडवे झालेले. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले की ते हिरवं पाणी दिसायचं. दादा त्या बाजूला गेले तर, हा एकच विचार मी दिवसभर वेगवेगळ्या प्रकारे करायचे.

म्हणून कॅमेरे. बसवणारा माणूस आला, भिंतींना भोकं पाडली, वायरी ओढल्या, टीव्हीखालच्या फळीवर रेकॉर्डिंगचा काळा बॉक्स ठेवला आणि गेला. पुढे तो फोनच उचलेना. नवरा चाकणच्या कंपनीत, त्याच्या शिफ्ट आठवड्याला बदलणाऱ्या. तेव्हा या बॉक्सचं सगळं दुखणंखुपणं माझ्याकडेच आलं. मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. मुलांची बोनाफाइड सर्टिफिकेटं टाइप करता करता मी मोबाइलवर दादांना बघायचे. फाटकावरच्या कॅमेऱ्यासमोर कोळ्याने जाळं विणलं, तर दिवसभर ‘हालचाल आढळली’ असे मेसेज आले आणि प्रत्येक मेसेजला माझा जीव वर-खाली झाला. त्या कोळ्याला मी केरसुणीने हाकललं तेव्हा जरा जास्तच जोर लावला, हे कबूल.

एकदा लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला आणि बॉक्स बंद पडला. परत चालू केला तर तारीख चुकलेली. हुडकून काढलं तेव्हा कळलं की आतला घड्याळाचा सेल संपलाय, त्यामुळे बॉक्स बंद पडला की त्याची तारीख पार मागे जाते. मग नेट आलं की तो आपोआप सुधारतो. आपोआप सुधारतंय म्हटल्यावर आपण कशाला सेल बदलतोय!

दादांना मात्र त्या बॉक्सचं भारी कौतुक. यंत्र म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि विचारायचे, “हे दिसरात चालतं?”

“हो दादा.”

“मग ह्याला आराम कवा?”

“याला आराम नसतो.”

“आसं न्हाई चालत,” ते म्हणायचे, “मशीन हाय ते. थकतं.”

थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारायचे, आणि मी पुन्हा तेच उत्तर द्यायचे.

मग खंडेनवमी आली. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात त्या दिवसाचा मान मोठा. मशीन बंद ठेवायचं, धुऊनपुसून त्याची पूजा करायची. बऱ्याच कंपन्या त्या दिवशी घरच्यांनाही आत बोलावतात. नवऱ्याच्या कंपनीत नवीन लाइन सुरू झाली होती, त्याचं मशीन त्याला मला दाखवायचं होतं. पण दादांजवळ बसणाऱ्या मावशी नवरात्रासाठी गावी गेलेल्या. मी नको म्हटलं.

“पूजा करून लगेच निघू,” नवरा म्हणाला. “मोबाइलवर दिसतात की दादा.”

दादा ऐकत होते. “जा गं,” ते म्हणाले. “मशिनीला कुंकू लावाया घरची बाई लागती.”

सकाळी त्यांनी स्वतःची पूजा मांडली. विळा, कोयता आणि टूलरूममधली त्यांची जुनी मापाची हत्यारं पाटावर ठेवली. मी इस्त्रीची साडी नेसले, नवीन सँडल घातले, त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की आम्ही कंपनीत चाललोय, जेवायच्या आत येतो. ते मान हलवत होते आणि फडक्याने एकेक हत्यार पुसत होते. मोशीच्या सिग्नलला मी मोबाइल उघडून पाहिला. दादा पाटापाशीच होते. बरं वाटलं.

कंपनीत रांगोळ्या होत्या, मशीनना झेंडूच्या माळा होत्या, आणि एरवी जिथे ओरडून बोलावं लागतं तिथे कुजबुजही ऐकू येत होती. मी नवऱ्याच्या मशीनला हळदकुंकू वाहिलं. कुणी पेढा दिला. एका हातात पेढा धरून दुसऱ्या हाताने मोबाइल उघडला, तर ‘डिव्हाइस ऑफलाइन’.

हे काही नवीन नव्हतं. आमचं नेट मनात येईल तेव्हा जातं. दादांना फोन केला. रिंग वाजून बंद झाली. परत केला, परत तेच.

“झोपले असतील,” नवरा म्हणाला.

सकाळी झोपत नाहीत दादा, हे त्यालाही माहीत होतं. पुढचा फोन त्याने स्वतः लावला, आणि तोही उचलला गेला नाही तेव्हा त्याने गळ्यातलं कंपनीचं कार्ड काढून खिशात टाकलं आणि सरळ पार्किंगकडे चालायला लागला.

चाकणहून घरापर्यंतचा रस्ता एरवीही माणसाचा अंत पाहतो. त्या दिवशी कडेला झेंडूचे ढीग, ऊस आणि केळीचे खुंट घेऊन उभे असलेले टेम्पो, हार घातलेले ट्रक, आणि सगळं ठप्प. मी मोटारसायकलवर मागे बसून मोबाइलवर बोट दाबत होते. ऑफलाइन. ऑफलाइन. समोरून ट्रक गेला की मला तो आमच्या सर्व्हिस रोडवर दिसायचा, आणि ट्रक नसला की ते हिरवं पाणी दिसायचं. देवाला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

फाटक सताड उघडं होतं.

हाका मारत आम्ही सगळं घर पालथं घातलं. बाथरूम, गच्ची, कॉटखालीसुद्धा मी वाकून पाहिलं. दादांचा फोन उशीखाली वाजत होता. नवरा मागच्या खड्ड्याकडे धावला. मी दारापुढच्या ओट्यावर उभी राहिले, मागे जायचा मला धीर झाला नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता.

“पाण्यात काही दिसत नाही,” तो म्हणाला.

तो मोटारसायकल काढून देवळाच्या बाजूला गेला. मला म्हणाला, “तू कॅमेऱ्यात बघ, कुठल्या बाजूला गेले.”

टीव्हीखालचा बॉक्स लख्ख पुसलेला होता. त्यावर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूची फुलं. शेजारच्या वायफायच्या डबीवरही एक फूल ठेवलेलं, आणि त्या डबीचा दिवा बंद. माझ्या लक्षात आलं. दादांनी मशीनला सुट्टी दिली होती. टूलरूममध्ये जन्मभर केलं तसंच, आधी बटण बंद, मग पुसणं, मग पूजा. बॉक्स त्यांनी पुन्हा चालू केला होता, वायफायचं बटण मात्र राहून गेलं होतं.

मी रेकॉर्डिंग उघडलं, त्या दिवसाची तारीख टाकली. हॉलमधल्या कॅमेऱ्यात दादा फडकं घेऊन बॉक्सपाशी वाकताना दिसले आणि तिथे चित्र संपलं. पुढे काहीच नाही. पुन्हा पुन्हा पुढे नेलं, चारही कॅमेरे पाहिले, सगळीकडे काळं. ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला, नेमका तोच वेळ त्यात नव्हता. जमिनीवर फतकल मारून मी मोठ्याने रडायला लागले. रडता रडता समोरच्या चालू चित्रात उघडं फाटक दिसत होतं आणि त्याच्या कोपऱ्यात तारीख होती. एक जानेवारी दोन हजार.

बॉक्स बंद पडून चालू झाला होता. नेट नव्हतं, त्यामुळे तारीख सुधारली नव्हती. म्हणजे रेकॉर्डिंग झालं होतं, फक्त मी शाळेत होते त्या काळात जाऊन बसलं होतं. कॅलेंडर मागे मागे नेलं, वर्षांमागून वर्षं. त्या एका तारखेवर खूण होती.

दादा हॉलमध्ये उभे होते. मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, आत डोकावले. बाथरूमचं दार ढकललं. जिन्याखाली उभे राहून वर पाहिलं. त्यांचं तोंड हलत होतं, पण आमच्या कॅमेऱ्यांना आवाज नाही. परत स्वयंपाकघर, परत जिना. आधी वाटलं, पाणी हवं असेल, भूक लागली असेल. तिसऱ्यांदा ते जिन्याखाली आले आणि त्यांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले, तेव्हा मला कळलं की ते कुणाला तरी हाक मारतायत. घरात हाक मारायला माझ्याशिवाय कोण असतं?

मग ते ओट्यावर आले. दारापाशी माझ्या रोजच्या चपला होत्या. दादा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग वाकले, चपला उचलल्या, हाताने झटकल्या, खुंटीवरच्या कापडी पिशवीत घातल्या आणि फाटक उघडून उजवीकडे वळले. हायवेच्या बाजूला.

इतका वेळ मी भीत होते की ते भरकटले. ते भरकटले नव्हते. सून घरात नाही, तिच्या चपला दारात, म्हणजे पोरगी अनवाणीच कुठेतरी गेली, असा त्यांनी हिशेब लावला होता आणि मला शोधायला निघाले होते. माझ्यापायी ते त्या रस्त्याला गेले होते, आणि हे कळल्यावर भीती दुप्पट झाली. नवऱ्याला फोन करून एवढंच म्हणाले, “उजवीकडे,” आणि स्कूटर काढली.

सर्व्हिस रोडने मी उलट्या बाजूने गेले. लोक शिव्या देत होते. म्हटलं, द्या शिव्या. प्रत्येक गर्दीपाशी मला रस्त्यावर पडलेलं धोतर दिसत होतं, आणि दादा तर धोतर नेसतही नाहीत, पायजमा घालतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं.

हायवेखालच्या भुयारी रस्त्याच्या तोंडाशी झेंडूवाल्या बायका बसल्या होत्या. तिथे दादा होते. उन्हाने चेहरा तांबडा झालेला, सदरा घामाने भिजलेला, पण उभे. फुलं घ्यायला आलेल्या बायकांना ते एकेक करून काहीतरी विचारत होते आणि विचारताना आधी त्यांच्या पायांकडे बघत होते. त्यांच्यापासून दोन हातांवरून डंपर जात होते. मी स्कूटर तशीच टाकली आणि पळत जाऊन त्यांचा दंड धरला. रस्त्यापासून आत ओढलं त्यांना.

दादांनी माझ्या पायांकडे पाहिलं. नवे सँडल होते. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, परक्या बाईकडे बघावं तसं, अदबीने.

“बाई,” ते म्हणाले, “आमची सून बगितली का तुमी? पायात काय बी न्हाई तिच्या. ऊन लई हाय.”

हे मी कधी चिंतलं नव्हतं. खड्डा चिंतला होता, ट्रक चिंतले होते, पोलीस चौकी आणि हॉस्पिटलसुद्धा चिंतलं होतं. ते सापडतील आणि मीच त्यांना दिसणार नाही, हे माझ्या इतक्या भीतींमध्ये कुठेच नव्हतं. त्यांचा दंड हातात धरून मी भर उन्हात गारठले.

“बघितली, दादा,” मी म्हणाले. “घरी गेली ती. चला, मी सोडते तुम्हाला.”

“नक्की घरी गेली?”

“हो.”

त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि माझ्याबरोबर चालायला लागले. मी पिशवी धरायला हात पुढे केला. त्यांनी ती छातीशी घेतली आणि दुसऱ्या बाजूला वळवली.

“न्हाई, बाई,” ते म्हणाले. “तिचं हाय ते.”