पुड्यावरची अनसा

यातला एक शब्द तरी तुला खरा वाटतोय का बग. पैज लाव! जल्मभर मी लोकांच्या खोड्या काढल्या. जावयाच्या च्यात मीठ घातलं, शेजारनीची म्हस रातीत सरपंचाच्या दारात नेऊन बांधली. तवा आता माझं खरं बी कुनाला खरं वाटत न्हाई.

बस. पापडाचं पेज काढायचंय, मार्केटिंग कसं करत्यात ते इचारायला आलीस न्हवं? मला त्यातलं काय कळतंय? चवथीत शाळा सुटली माझी. पर अनसाच्या अंगनात जे बगितलं त्ये सांगते. एक सांगाय घेतलं की दुसरं मागनं ढकलतंच, गिरनीच्या रांगेतल्या बायकांगत.

अनसा माझी शेजारीन. शिराळ्याच्या अल्याड, नदीकाठी आमच्या दोघींचं परड्याला परडं लागून. तिच्यागत कांदा-लसनाची चटनी गावात कुनाला जमत न्हवती. आमी चार-पाच बायका तिच्या अंगनात कांदं वाळवायचो, खोबरं भाजायचो, मिरच्या निवडायचो आन डंकावर, मिरची कुटायच्या गिरनीत, जाऊन कुटून आनायचो. बाजारादिवशी इकायचो. बरं चाललं हुतं. मग तिचा नातू विकास, आमचा विक्या, पुन्यास्नं परत आला. नोकरी गेली हुती, पर मोबाईल मोठा हुता!

* * *

विक्यानं पैल्यांदा इचारलं, "आज्जे, तुझी स्टोरी काय?"

"कसली?"

"चटनीची गं. लोक माल घेत न्हाईत, स्टोरी घेत्यात."

अनसा म्हनली, "स्टोरी काय असनार? नवी नवरी हुते. कांदा करपला. सासू मारंल म्हनून तसाच मिरचीत घालून कुटला. सासूनं बोटं चाटली. तवापास्नं मुद्दाम करपवतीया."

विक्यानं तोंड वाकडं केलं. महिन्यानं पुडं छापून आलं. वर अनसाचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात 'अनसाआज्जीची चटणी', आन त्याखाली 'राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली पिढीजात पाककृती'! मी एकेक अक्षर लावून वाचलं.

अनसा मला म्हनती, "यशवदे, आमी गं कवा राजवाड्यात हुतो?"

मी म्हनलं, "हुतीस की! सासू राजा आन तू बटीक!"

* * *

मग रील काढायचं ठरलं. आता डंक आल्यापास्नं उखळात कोन कुटतंय? आमच्या उखळात कोंबड्या पानी पीत हुत्या. विक्यानं कोंबड्या हाकलल्या, उखळ घासलं, भवतीनं झेंडूची फुलं मांडली. आमी रोज लुगडंच नेसतो, पर त्ये म्हनं रिलात गरीब दिसतंय. म्हनून भाड्यानं पैठन्या आनल्या. नथी आनल्या. मिरची कुटताना कोन नथ घालतंय सांग! एक शिंक आली तर नथ उखळात!

"हळू कुटा, हसत कुटा," विक्या म्हनतोय.

अनसा म्हनली, "मेल्या, हळू कुटलं तर मिरचीच हसंल की आमाला!"

"आन एखादी ओवी म्हना. पारंपरिक."

मी गळा काढला:

"पैली माझी ववी गं, इक्याच्या मोबाईलाला,
हात न्हाई कामाला, हात हाय इस्टाईलाला!"

बाया पदरात तोंड घालून हसाय लागल्या. विक्याचं ध्यान मोबाईलात, त्यानं काय आयकलंच न्हाई. तसंच वर टाकलं. खाली लोकांनी काय लिवावं? 'हीच आपली संस्कृती. नव्या पिढीनं जपली पायजे.'

त्याच दिशी आनखी एक झालं. माझी एक सवय हाय. भाकरी खाल्ली की पदरातला चुरा मी अंगनात झटकते. कावळ्यास्नी ते पक्कं ठावं हाय. पदर झटकला की पत्र्यावरनं भपाभपा उतरत्यात. शूटिंगच्या मधीच मी झटकला.

विक्या वरडला, "आज्जे, कावळं नकोत! ब्रँडला अशुभ दिसतंय!"

* * *

एकदा सांगलीच्या इश्रामबागंतनं एक पोरगी आली. ती खाती आन लोक बगत्यात, हाच तिचा धंदा! विक्यानं मला बजावलं, "तिला कमी तिखट द्या हं." मी कानानं जरा कमी आयकते. आमच्या घरच्यासाठी काढून ठिवतो ती चटनी भाकरीवर घातली, वर तेल.

पोरीनं मोबाईलाकडं बगून मोठा घास घेतला. डोळ्यातनं धारा! नाकातनं धारा! हात हालवून काय काय मागाय लागली. अनसा धावली, "आगं पोरीला ताक द्या, कुनीतरी ताक द्या!"

दुसऱ्या दिशी त्ये रील आलं. पोरगी रडतीया आन वर लिवलंय, 'पहिल्या घासालाच आज्जीची आठवण आली, डोळे भरून आले.' खाली बायांची ही रांग, 'मला पण माझी आजी आठवली!'

ती ताकच मागत हुती बग. विक्यानं आवाज काढून बासरी घातली.

* * *

हितनं फुडं हसू नगंस.

ऑर्डरी वाढल्या. अंगन पुरंना, आमचं हात पुरंनात. मग एक दिवस मिरजंकडनं टेम्पो आला, तयार चटनीची पोती भरून. रंग असा लाल की कुक्कू लाजावं. विक्या आमाला म्हनला, "आता कामाला यायची गरज न्हाई. शूटिंगला तेवढं या."

"म्हंजे कुटायचं न्हाई?"

"कुटल्यागत करायचं."

अनसानं पोत्यात बोट घातलं, जिभंला लावलं. कांदा करपल्याला न्हवता. कांदा हुता का न्हाई त्याचाच पत्त्या न्हवता.

"विक्या, ही कुनी केली?"

"तूच की, आज्जे! पुड्यावर फोटो कुनाचाय?"

आमी बाया हसलो. अनसा हसली न्हाई. म्हनली, "माझं नाव काढ त्यावरनं. फोटो बी काढ. मग काय इकायचंय त्ये इक."

विक्या तिच्याकडं अशी कीव करून बगाय लागला, जसं काय तिलाच काय कळत न्हाई. म्हनला, "आज्जे, नाव काढलं तर इकायचं काय?"

* * *

अनसाची लेक सुमन. तिला मान तालुक्यात दिलीया, दहिवडीच्या फुडं. जावई मुंबैला असतोय. सुमनला दहिवडीच्या दुकानात आईचा फोटो दिसला. पुडा घेतला, आख्ख्या आळीला दावला, "ही माझी आई!" घरी येऊन भाकरीसंगट खाल्लं आन फोन लावला. आमी दोघी जेवत हुतो, फोन मोठ्यानं लावल्याला.

"आये, बरी हाईस न्हवं?"

"हाय की. का गं?"

"चटनी खाल्ली तुझी. हात बिघडला गं तुझा. सासूबाईनी तर थुकून टाकली."

अनसा म्हनली, "वय झालं, बाई."

फोन ठिवल्यावर मी तिच्यावर धावून गेले, "खरं का न्हाई सांगितलंस तिला?"

"नातवाचं नाव जाईल."

"आन तुझं?"

हातातला घास तिनं ताटात परत ठिवला. म्हनली, "माझं त्या पुड्यावर अडाकलंय, यशवदे. त्ये सुटल्याबिगर माझा जीव सुटायचा न्हाई बग."

असं नुसतं बोलायचं असतंय. पाऊस सरता सरता जीव सुटला तिचा. नाव काय सुटलं न्हाई.

* * *

अनसाला पोचवून आलो. हातपाय धुतोय न्हाई तवर शेजारच्या सुनंनं मोबाईल म्होरं धरला. अनसा हसत हुती. पैठनी, नथ, उखळ, झेंडू. "बाळांनो, दिवाळीला आज्जीची चटनी न्यायला इसरू नगा हं!" खाली लोक लिवत्यात, 'आज्जी, शंभर वर्षं जगा!'

तिकडं चिता इझली बी न्हवती.

मी विक्याला गाठला. तो बी रडून डोळं सुजवून बसला हुता, खोटं कशाला सांगू? माया हुती त्याची. पर म्हनला, "पोस्ट आधीच शेड्युल केल्याली हुती, यशवदाआज्जी. आन आता लोकास्नी कळलं तर ऑर्डरी थांबत्यात. सनाचं दिस हायत."

"मग कवा मारनार हाईस तिला?"

"दिवाळीनंतर बगू," म्हनला.

* * *

आता ह्यो शेवटचा किस्सा.

दहाव्याच्या दिशी मी लवकर उठले. म्हातारपनी झोप कुठं येती? शिळ्या भाकरीची पाटी उचलली आन नदीच्या घाटावर जाऊन आले. येताना पाटी हलकी हुती, बरं वाटलं.

मग सगळी भावकी घाटावर जमली. सुमन दहिवडीस्नं आल्याली. पिंड मांडला. भात, भाकरी, वांगं, अनसाला आवडायचं त्ये सगळं. विक्यानं वर चिमूटभर चटनी ठिवली. पुड्यातली!

बाभळीवर कावळं ही गर्दी! पर एक हालंना. पंख खाजवत्यात, चोच पुसत्यात, पिंडाकडं बगून मान फिरवत्यात. भटजीला दुसरीकडं जायचं हुतं, तो सारखा घड्याळ बगतोय. विक्याचा भावकीतला थोरला चुलता म्हनला, "विकास, म्हातारीचं कायतरी मनात ऱ्हायलंय. बोल तिला."

विक्यानं हात जोडलं. "आज्जे, दुसरी ब्रँच काढतो, सांगलीत!"

कावळा हालंना.

"आज्जे, लाख फॉलोवर करतो तुझ्या नावानं!"

कावळ्यानं शिटलं.

"आज्जे, तुझा मोठा बोर्ड लावतो, हायवेला!"

दोन कावळं उडूनच गेलं. ऊन वाढलं. बाया कुजबुजाय लागल्या, सुमन रडाय लागली, "आये, काय गं ऱ्हायलं तुझं?" विक्याचं तोंड पांढरं पडलं. चुलत्यानं माझ्याकडं बगितलं, "यशवदामावशे, तू तिच्या जवळची. तुला ठावं असंल."

"मला काय ठावं? ठावं असंल तर विक्याला असंल."

विक्या खाली बगून बोलाय लागला. आधी तोंडातल्या तोंडात. चुलता म्हनला, "मोठ्यानं बोल, तिला आयकाय गेलं पायजे." मग बोलला. सगळ्या भावकीम्होरं बोलला. "आज्जे, ती चटनी तुझी न्हाई. कारखान्याची हाय. तू नाव काढ म्हनलीवतीस, मी काढलं न्हाई. आता काढतो. नाव बी, फोटो बी. शपथ."

सुमनचं रडनं एकदम थांबलं. विक्याकडं बगून हळूच म्हनली, "म्हंजे हात बिघडला न्हवता?"

बसून बसून माझं गुडघं धरलं हुतं. मी दगडाला धरून उठले, पदर झटकला, नीट खोचला.

आन कावळा शिवला! एक न्हाई, पाचसात उतरलं, भपाभपा! भात खाल्ला, भाकरी खाल्ली, वांगं खाल्लं. चटनी तेवढी ठिवली. लोकांनी हात जोडलं. भटजी म्हनला, "आत्मा तृप्त झाला," आन चपला शोधाय लागला.

विक्यानं शब्द पाळला. नवं पुडं आलं, नाव न्हाई, फोटो न्हाई. चार दिस गेलं असतील. माझ्या अंगनात येऊन बसला, मोबाईल घेऊन. माझी भाकरी चालली हुती.

"यशवदाआज्जी, तुझा चेहरा लय नॅचरल हाय गं. एक फोटो काढू का?"

मी शेवटचा घास खाल्ला. उठले. पदर झटकला.

पत्र्यावरनं कावळं उतरलं.

विक्या कावळ्यांकडं बगाय लागला. मग माझ्याकडं बगितलं. मग परड्यामागं नदीच्या घाटाकडं बगितलं, लय वेळ. मोबाईल खिशात घातला आन च्या न घेताच गेला.

तू काय बगतीस अशी डोळं फाडून? तुझं पापड वाळत पडल्यात न्हवं? जा आता!