चौदा मिनिटांचा कॉम्प्युटर

कवठे महांकाळच्या एसटी स्टँडसमोर आम्रपालीताईंचं डीटीपीचं दुकान आहे. आसपासच्या निम्म्या लग्नपत्रिका तिथूनच निघतात. ताई बहुतेक घरांच्या कुणीच लागत नाहीत, म्हणून सगळ्यांच्या विश्वासाच्या आहेत. कुठल्या भावकीत कुणाचं नाव कुणाच्या खाली गेलं की मांडवात रुसवा होतो, हे त्यांना पाठ आहे, आणि त्या ते कुणाला सांगत नाहीत.

त्यांचा कॉम्प्युटर सोळा वर्षांचा. सकाळी बटण दाबायचं, दुकान झाडायचं, पिण्याचं पाणी भरायचं, मग पडद्यावर काहीतरी दिसू लागायचं. चौदा मिनिटं. एखादी फाईल उघडायची म्हणजे आणखी पाच. गिऱ्हाईक आलं की ताई म्हणायच्या, "उघडतीय, तवर चहा घेऊन या." शेजारचा चहावाला या कॉम्प्युटरवर खूश होता. यंदा दिवाळीनंतर मात्र हार्ड डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, आणि त्याच आठवड्यात सुभेदार नाथाजी आले.

नाथाजी फौजेतून निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली. आवाज अजून निवृत्त झालेला नाही. त्यांच्या पुतणीचं, सृष्टीचं, लग्न ठरलं होतं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या भावाची, जयराजची, पत्रिका ताईंनीच केली होती. निमंत्रकांची यादी तेव्हाचीच ठेवायची, एक नाव इकडचं तिकडं करायचं नाही, असं नाथाजींनी बजावलं. फाईल सापडत नसली तर घरी ट्रंकेत पत्रिका आहे, चुलतभाऊ कोंडीबाकडंही असेल, दोन्ही आणून देतो म्हणाले.

"नको," ताई म्हणाल्या. "फाईल हाय."

एवढ्या घाईनं म्हणायला कारण होतं. जयराजच्या वेळी पहिलं नाव थोरल्या घरातले म्हणून नाथाजींचं, की वयानं मोठे म्हणून कोंडीबांचं, यावर नऊ दिवस भांडण चाललं. दहाव्या दिवशी ताईंनी दोघांनाही वेगवेगळं बोलावून सांगितलं की तुमचंच नाव वर घेतलंय, फक्त बोलू नका. आणि पत्रिका दोन प्रकारच्या छापल्या. नाथाजींनी वाटल्या त्यात नाथाजी वर, कोंडीबांनी वाटल्या त्यात कोंडीबा. अकरा वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण निमंत्रकांची यादी माणूस स्वतःचं नाव सापडेपर्यंतच वाचतो. आता त्या दोन पत्रिका एका टेबलावर आल्या असत्या, तर ताईंना दुकान दुसऱ्या तालुक्यात हलवावं लागलं असतं.

म्हणून डिस्क मरायच्या आत नवी बसवणं आलं. सांगलीतल्या वीरधवल नावाच्या कॉम्प्युटरवाल्यानं त्यांना नव्यातली नवी दिली. च्युइंगमच्या पट्टीएवढी, चपटी. ताईंनी कॉम्प्युटरचा डबा उघडून बॅटरीच्या उजेडात तासभर शोधलं. ती खोचायला जागाच नव्हती. फोन केला तर वीरधवल म्हणाला, तुमचा बोर्ड फार जुना आहे. हे ताईंनी त्याला आधी तीनदा सांगितलं होतं.

पुन्हा सांगली. या वेळी त्यानं पत्त्यांच्या जोडाएवढी, पातळ डबीसारखी डिस्क दिली. ही जोडता येत होती, पण जुन्या डिस्कशेजारच्या रिकाम्या खणात ती मोठ्या खोलीत ठेवलेल्या पाटासारखी दिसायला लागली, आणि स्क्रूची भोकं कुठल्याच बाजूनं जुळेनात. ताईंनी तिला लग्नपत्रिकांच्या सोनेरी गोंड्याच्या दोरीनं बांधलं. मग विजेची वायर एक कमी पडली, ती सीडीच्या खणाची काढून लावली. वीरधवलनं फोनवर सांगितलं, आता जुनीची नवीवर नक्कल करायची, पडद्यावर जास्त जीबीची दिसेल ती जुनी. ताईंनी बघितलं तर जास्त जीबीची होती ती नवी. त्याचं ऐकलं असतं तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर झाली असती आणि सोळा वर्षांची लग्नं पुसली असती. त्याला हे कळवल्यावर तो म्हणाला, "व्हय का? मग उलटं करा."

नक्कल व्हायला साडेसहा तास लागले. तेवढ्या वेळात नाथाजी दोनदा येऊन गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी ट्रंकेची किल्ली सापडल्याचं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा कॉम्प्युटर चालू होता. ताई सवयीनं म्हणाल्या, "उघडतीय, तवर चहा घेऊन या," आणि जयराजच्या नावाचा फोल्डर उघडला. जुन्या डिस्कवर त्यातली चित्रं एकेक करून, वरून खाली, सावकाश उमटायची. तेवढ्या वेळात नको ती बाजूला सारता यायची. नव्या डिस्कनं दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी आणून ठेवल्या, तेव्हा नाथाजींनी दाराकडं वळायलाही सुरुवात केली नव्हती.

त्यांनी चष्मा लावला. डावीकडची यादी वाचायला घेतली आणि स्वतःचं नाव सापडल्यावर थांबले. मग उजवीकडची घेतली. तिथं एक ओळ जास्त वाचावी लागली.

"म्हंजे अकरा वर्सं कोंडीबा बी वरच हाय व्हय?"

ताईंनी माऊसवरचा हात काढला. "आवं सुभेदार, लगीन लागलं का न्हाई?"

नाथाजी खुर्ची ओढून बसले. जुनी डिस्क अजून डब्यातच होती, ती टकटकत होती.

"त्येला ठावं हाय?"

"न्हाई."

"मग आता बी तसंच काड." उठता उठता ते थांबले. "फकस्त माज्या शंभर जास्त काड, पोरी."

ते गेल्यावर ताईंनी वीरधवलला फोन करून विचारलं, ही डिस्क थोडी हळू करता येईल का. तो म्हणाला, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. ताईंनी फोन ठेवला. दुपारी कोंडीबा प्रूफ बघायला येणार होते. ताईंनी पडद्याचं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि गिऱ्हाइकाची खुर्ची दाराबाहेर नेऊन ठेवली.