मुंगसाची पिल्लं

परवा हार्डवेअरच्या दुकानात नव्या तारेच्या जाळीचा तेलकट वास आला आणि मला राजुरीतलं आमचं खुराडं आठवलं.

तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं. सासूबाईंची मला फार भीती वाटायची. त्यांच्या कोंबडीची पाच पिल्लं मुंगसाने चार दिवसांत नेली, म्हणून दिरांनी विष आणून दिलं. पिठात ते कालवून मी काडीने गोळे करत होते, तेवढ्यात परसातून सासूबाईंची दबकी हाक आली. "अगं, हिकडं ये! आवाज करू नगं."

सरपणाखालून मुंगशीण निघाली होती आणि मागे तिची तीन पिल्लं. शेवटचं धडपडलं, उताणं झालं, पुन्हा पळालं. सासूबाईंनी हसू दाबायला पदर तोंडात धरला.

"हीबी लेकुरवाळीच की! खुराडं आपलं मोडकं, अन् मारायचं हिला? न्हाई बाई."

गोळे आम्ही खोल पुरले. दिरांनी कुरकुरत जाळी आणली आणि हातभर जमिनीत गाडली. त्यानंतर एकही पिल्लू गेलं नाही.

पिल्लं दिसली त्याच संध्याकाळी मी त्या उताण्या पिल्लाची नक्कल केली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. आता वाटतं, त्या घरात मी खरी नांदायला लागले ती त्या दिवसापासून.